ऑरिन टॅगर्टशी कोणी बोलू नये

रिव्हर हॉग्ज या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ऑरिन टॅगर्ट याचा घटस्फोट गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता पक्का होणार होता. तो होऊ नये असे ऑरिनला वाटत होते. त्याची बायको लेनोरा हिलाही तसेच वाटत होते. अर्ज तिनेच केला होता, ही गोष्ट वेगळी.

आधीच्या दोन तारखा ऑरिनने चुकवल्या होत्या, कारण दोन्ही वेळा संघ परगावी खेळत होता. ही तिसरी आणि शेवटची. नवरा पाचच्या आत हजर झाला नाही, तर त्याची काही हरकत नाही असे धरून निकाल लागणार होता आणि लेनोरा सात वर्षांच्या ज्यूनला घेऊन ऑरेगनला बहिणीकडे जाणार होती. ऑरेगन त्यांच्या ओहायोपासून इतके लांब, की तिथली घड्याळेसुद्धा तीन तास मागे चालतात.

"तू ये," लेनोरा बुधवारी फोनवर म्हणाली. "भाषण नको, फुलं नकोत. दारातून आत आलास की मी अर्ज फाडते. चार वर्षं तुझ्या फोनवर नुसते निरोप ठेवतेय मी. एकदा स्वतः ये."

"येतो ना. देवाशपथ."

"उद्या सामना आहे तुझा."

"आहे. पण हल्ली मला तिसऱ्या डावातच काढतात."

हे खरे होते. अर्ज दाखल झाल्यापासून ऑरिनच्या चेंडूवर कोणीही यावे आणि फटका मारून जावे, अशी परिस्थिती होती. क्लबाने याची गंभीर दखल घेऊन 'खेळाडू कौटुंबिक समन्वय विभाग' स्थापन केला. विभागप्रमुख मिस ग्रेटा हॅच यांनी एक आलेख काढला. त्यात एक रेषा ऑरिनच्या घरातल्या भांडणांची होती, दुसरी त्याने खाल्लेल्या फटक्यांची, आणि दोन्ही हातात हात घालून वर चढत होत्या. भांडणांचे आकडे कुठून आणले, असे ऑरिनने विचारले तेव्हा 'शेजारी सहकार्य करतात' असे उत्तर मिळाले. उपाय म्हणून सामन्याच्या दिवशी खेळाडूंचे फोन विभागाच्या कपाटात कुलूपबंद राहू लागले. भांडणाचे मुख्य कारण नवरा फोन उचलत नाही हेच असल्यामुळे दोन्ही रेषा आणखी चढल्या. तेव्हा विभागात आणखी दोन माणसे घेण्यात आली.

न्यायालय मैदानाच्या मागच्याच रस्त्यावर आहे. त्याचा घड्याळाचा मनोरा कुंपणावरून दिसतो, मात्र पिचर चेंडू टाकायला उभा राहिला की तो त्याच्या पाठीशी येतो. गुरुवारी दोन वाजता सामना सुरू होण्यापूर्वी सगळे नीट ठरले होते.

"काही काळजी करू नका, टॅगर्ट," मिस हॅच त्याचा फोन कपाटात ठेवत म्हणाल्या. "तुम्हाला काढलं रे काढलं की मी दारात गाडी घेऊन उभी."

संघाचा मॅनेजर हर्शेल डूली, म्हणजे कोणाला कधी काढायचे ते ठरवणारा माणूस, याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बाळा, बिनघोर जा. आज दोनच डाव ठेवतो तुला. तसाही तिसऱ्यात तू कुठे टिकतोस?"

ऑरिनचे खेळात लक्ष नव्हते. प्रत्येक चेंडू टाकण्यापूर्वी तो वळून घड्याळ बघायचा आणि मग घाईघाईने टाकून मोकळा व्हायचा. समोरच्या फलंदाजाला हा मागे कोणाला खुणावतो ते कळेना. ते शोधायला तोही मनोऱ्याकडे बघायचा, आणि तेवढ्यात चेंडू येऊन गेलेला असायचा. रेडिओवरच्या समालोचकाने दुसऱ्याच डावात जाहीर केले की टॅगर्टने नवे तंत्र आणले आहे. दोन डाव झाले, तीन झाले, ऑरिनला काढण्यासारखे काही घडेना आणि डूली 'एकच अजून' म्हणत राहिला. चौथ्या डावात त्याच्याच संघाने फलंदाजी करताना इतका वेळ खाल्ला की चार वाजत आले. पाचवा डाव संपला तेव्हा समोरच्या संघाला एकही फटका मिळालेला नव्हता.

आणि तिथे रीत लागू झाली.

ही रीत कुठल्याही नियमावलीत नाही, म्हणूनच ती सगळे पाळतात. पिचरने फटकाच लागू दिलेला नसेल तर त्याच्याशी कोणी बोलायचे नाही. त्याच्याकडे बघायचे नाही, शेजारी बसायचे नाही, काय चालले आहे ते तोंडातून काढायचे नाही, आणि जो जिथे बसला आहे त्याने तिथून हलायचे नाही. बोलले की फटका लागतोच. देव मानणारे हे मानतात आणि न मानणारे जास्त मानतात.

ऑरिन डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या छपराखाली, येऊन बाकावर बसला. त्याच्या दोन्ही बाजूंचा बाक आपोआप मोकळा झाला.

"बॉस, चार वाजले. काढताय ना मला?"

डूली सूर्यफुलाच्या बिया चावत होता. तो अधिक मन लावून चावू लागला.

"बॉस, कोर्ट आहे माझं! तुम्हीच म्हणालात ना, दोन डाव?"

"आज वारा फार आवाज करतोय," डूली पाण्याच्या पिंपाला म्हणाला.

ऑरिन उठून आतल्या बोळाकडे गेला. बोळाच्या तोंडाशी राखीव खेळाडू स्किप ओडम एका पालथ्या बादलीवर बसला होता. पहिल्या डावापासून तो तिथेच होता, त्यामुळे आता त्याला तिथेच राहणे भाग होते. त्याच्यामागे गाडीची किल्ली हातात घेतलेल्या मिस हॅच उभ्या होत्या.

"मॅडम, मला बाहेर काढा. निदान फोन तरी द्या."

मिस हॅच यांनी फाइल तोंडासमोर धरली. "मी इथे नाहीये," फाइलमागून आवाज आला.

"स्किप, सरक जरा."

स्किपने डोळे गच्च मिटले.

"माझा संसार मोडतोय रे, स्किप."

स्किपच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आले. बादली हलली नाही.

सहाव्या डावात ऑरिन लंगडू लागला. जखमी खेळाडूला बाहेर काढावेच लागते. संघाच्या डॉक्टरांनी लंगडणारा माणूस पाहिला, त्याच्याकडे पाठ केली आणि आभाळातले ढग तपासायला घेतले. समालोचकाने लंगडण्याचीही तंत्रात भर घातली.

सातव्या डावात ऑरिनने ठरवले की आता फटका खायचाच. ज्यूनला अंगणात टाकतो तसा एक अलगद, सरळ, गोजिरवाणा चेंडू त्याने टाकला. असला चेंडू कुठलाही पिचर शुद्धीवर असताना टाकत नाही, तेव्हा यात काहीतरी भयंकर डाव असणार असे फलंदाजाच्या मनाने घेतले. त्याने घाबरून आधीच बॅट फिरवली आणि चेंडू उंच उडून फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरच्या हातात अलगद पडला. झेल गेला की फटका धरत नाहीत.

कॅचर रामोन एस्पायात तरातरा ऑरिनकडे आला. जवळ आल्यावर त्याला रीत आठवली. मग तो हातातल्या चेंडूशी बोलू लागला.

"चेंडूराव, पुन्हा असला भिकार पडलास तर दातांनी फोडीन तुला. समजलं?"

"रामोन, मुद्दाम टाकला मी तो. फटका लागू दे, मला जायचंय!"

रामोनने झटकन छातीवर क्रूस काढला आणि कानांवर हात ठेवून जागेवर पळाला.

त्याच सुमारास न्यायालयात काय चालले होते ते ऑरिनला नंतर कामकाजाच्या नोंदीत वाचायला मिळाले. न्यायाधीश व्हिटकॉम्ब यांनी घसा साफ करून विचारले, "प्रतिवादी कुठे आहेत?"

"आठव्या डावात, जजसाहेब," कारकुनाने सांगितले. त्याच्या मेजाखाली रेडिओ होता आणि तो हळू लावलेला होता, एवढा न्यायालयाचा मान त्याने राखला होता.

"अजूनही...?"

"अजूनही, साहेब."

न्यायाधीश कोमल मनाचे होते. "उद्यापर्यंत मुदत द्यायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण मुदत दिल्याचं प्रतिवादीला आजच कळवायला हवं."

"कळवायचं म्हणजे बोलावं लागेल, साहेब."

"लेखी कळवा."

"तो वाचेल ना, साहेब."

न्यायाधीशांनी बराच वेळ विचार केला. "तर मग मुदत देता येत नाही. अर्जदार बाईंना स्वतःहून अर्ज मागे घ्यायचा असेल तर अजून वेळ आहे."

लेनोरा उठून उभी राहिली. ज्यूनने तिचा हात धरला होता. लेनोराचे वडील, काका आणि दोन भाऊ सगळे बेसबॉल खेळलेले, आणि ती लहान असताना अशाच एका सामन्यात नेमकी खुर्ची बदलली म्हणून घरात तिच्याशी आठवडाभर कोणी बोलले नव्हते. तिने तोंड उघडले. न्यायाधीश, कारकून, शिपाई आणि खुद्द तिचा वकील, सगळे तिच्याकडे बघत होते. मेजाखाली समालोचक कुजबुजत होता. आता काहीही बदलणे बरे नव्हते.

"आत्ता नको," ती म्हणाली आणि खाली बसली. त्याच खुर्चीवर.

इकडे आठव्या डावात ऑरिनच्या लक्षात एक गोष्ट आली. तीन फलंदाज बाद झाले होते आणि त्याने एकदाही वळून बघितले नव्हते. त्याने घाईघाईने मान वळवली. घड्याळ होते तिथेच होते. पण आकडे वाचायच्या आधीच त्याची नजर मनोऱ्याखालच्या धावफलकावर घसरली, आणि तिथल्या फटक्यांच्या शून्यावरून ती त्याला उचलवेना. तो डगआउटमध्ये परतला, मोकळ्या बाकाच्या मधोमध बसला आणि कोणाशी काही बोलला नाही. एक पोरगेला खेळाडू चुकून त्याच्या शेजारी टेकला, तेव्हा ऑरिनने त्याच्याकडे असे बघितले की तो बिचारा जमिनीवर जाऊन बसला. बोळातून मिस हॅच यांनी फाइल खाली घेऊन किल्ली हलवली. स्किपला ओलांडून जाता आले असते. ऑरिनने तोंड फिरवले.

नववा आणि शेवटचा डाव. पहिला फलंदाज बाद. दुसरा बाद. तिसरा येऊन उभा राहिला आणि दोनदा चुकला; आणखी एकदा चुकला की तोही बाद आणि सामना खलास. सहा हजार माणसांनी श्वास धरला, इतका की आइस्क्रीमच्या गाड्यावरचा पोऱ्या सुटे पैसे हातात घेऊन तसाच थांबला. ऑरिनने चेंडू बोटांत फिरवला. त्याला रामोनचा हात दिसत होता आणि जगात दुसरे काही नव्हते.

आणि मनोऱ्यावर टोल पडायला लागले.

सहा हजार माणसे एकदम मनोऱ्याकडे वळली आणि त्यांनी घड्याळाला "शूऽऽ!" केले. डूलीने केले. मिस हॅच यांनी केले. मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाने तर बोट ओठांवर ठेवून केले.

घड्याळ आपले पाच टोल देऊन गप्प झाले. ऑरिनने चेंडू टाकला. फलंदाजाने जीव खाऊन बॅट फिरवली, आणि ती नुसत्या हवेतून गेली.

मग सगळे एकदम बोलू लागले. डूलीने त्याला उचलून धरले. "बाळा, तासभर तुझ्याशी बोललो नाही, गुदमरलो रे मी!" स्किप ओडम बादलीवरून उठला, पायाला मुंग्या आल्यामुळे पडला, आणि पडल्या पडल्या सांगू लागला, "मी हललो नाही हां! मी एक इंच हललो नाही!" मिस हॅच यांनी फोन आणून दिला.

"अभिनंदन, टॅगर्ट. आणि ते दुसरं... तेही आटोपलंय म्हणे. विभागाचं उद्दिष्ट होतं की घरच्या अडचणींचा खेळावर परिणाम होऊ नये." त्यांनी फाइलवर एक खूण केली. "झाला नाही."

विभागाने पुढच्या हंगामासाठी आणखी दोन खेळाडूंचे सुखी संसार अभ्यासाला घेतले आहेत.

ऑरिनने लेनोराला फोन लावला. तिने पहिल्या घंटेला उचलला.

"लेनोरा, मी येत होतो. मला कोणी सोडलं नाही गं."

"माहीत आहे."

"तू का नाही थांबवलंस?"

"उठले होते मी. पण आठवा डाव होता, ऑरिन."

"हं. बरोबर आहे."

"शेवटी तू मागे बघणं सोडलंस, असं रेडिओवर म्हणाले."

ऑरेगनमध्ये अजून दोनच वाजून गेले होते, पण त्याचा आता कोणाला उपयोग नव्हता.

"शेवटचा काय टाकलास?" तिने हळूच विचारले.

त्याने सांगितले. चेंडू कसा धरला, मनगट कसे वळवले, रामोनने काय खूण केली. मध्येच ज्यूनने फोन घेतला आणि तिलाही पहिल्यापासून सांगावे लागले. चार वर्षांत ते तिघे इतका वेळ एकमेकांशी बोलले नव्हते. बोलणे संपले तेव्हा न्यायालयाचे दिवे मालवले होते आणि शिक्का मारून झाला होता.

त्या चेंडूची चौकशी अजूनही लोक करतात. शिक्क्याची कोणी करत नाही. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. घटस्फोट पाचला पक्का होणार हे तुम्हाला पहिल्या वाक्यापासून ठाऊक होते, ज्यूनचे नावही ठाऊक होते, आणि तरी तिसरा फलंदाज उभा राहिला आणि टोल पडू लागले, तेव्हा घड्याळाला गप्प करणाऱ्यांत एक आवाज तुमचाही होता.