शब्बाथचं टाचण

म्हस्के गुरुजी कटिंगला जातात तेव्हा त्यांच्या खिशात टाचण असतं. टाचण म्हणजे उद्या वर्गात काय शिकवायचं ते मास्तरानं आजच लिहून काढायची वही. तिच्यात चार रकाने असतात: उद्दिष्ट, साहित्य, कृती आणि मूल्यमापन. गुरुजींना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. आता शिकवायला समोर कुणी नाही, म्हणून ते स्वतःलाच शिकवतात. कटिंगचा कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. 'उद्दिष्ट : केस कमी करणे. साहित्य : कैची, कंगवा, न्हावी. कृती : शांत बसणे. मूल्यमापन : केस कमी झाले काय?'

मी त्यांच्याच शाळेत कारकून होतो आणि आता चिखलीत त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहतो, म्हणजे नोकरी संपली तरी शिक्षा संपलेली नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. "ओ बाबू," म्हणतात. मी कारकून होतो, कारकुनाला बाबू म्हणायचं, विषय संपला.

मास्तर म्हणून ते कसे होते असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, टाचण उत्तम होतं. साहेब तपासणीला आले की म्हस्क्यांची वही बघून डुलायचे. वर्गात पोरांना काय येतं हे बघायला साहेबांना वेळ नसे आणि गुरुजींना इच्छा नसे. डोणगावच्या शाळेत एकदा पहिलीच्या वर्गात घोरपड शिरली. पोरं किंचाळत खिडकीवर चढली. गुरुजींनी घोरपडीकडे पाहिलं, मग वहीत पाहिलं. त्या तासाला 'आपले सण' होते. "प्राणी पुढच्या मंगळवारी हायेत," असं म्हणून ते पोळ्याची माहिती सांगत राहिले. घोरपड बाहेर काढली ती शिपायानं.

घरीही तोच प्रकार. त्यांना एकच मुलगी, वर्षा. ती दुसरीत असताना भिंतीवर तिचं वेळापत्रक टांगलेलं असायचं. त्यात 'सायं. ६ ते ६.१५ : वडिलांशी संवाद' असं लिहिलेलं मी वाचलंय. सहा वाजता ती पोरगी फ्रॉक नीट करून ओट्यावर येऊन बसायची. बऱ्याचदा गुरुजी आत टाचण काढत असायचे, मग सव्वासहाला ती उठून खेळायला जायची.

ही वर्षा पुढे नोकरीसाठी ठाण्याला गेली आणि तिथं रूबेन नावाच्या मुलाशी तिनं लग्न ठरवलं. तो ज्यू. कोकणातल्या जुन्या ज्यू घरातला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा, आडनावही गावावरून पडलेलं. वर्षानं रीतसर तो धर्मही घेतला. बातमी आली तेव्हा मी मुद्दाम गुरुजींकडे जाऊन बसलो. म्हटलं, आता हा माणूस ओरडेल, रडेल, निदान पाण्याचा गडू तरी आपटेल. गुरुजी म्हणाले, "हे नियोजनात नोतं."

बस, तेवढंच. ते लग्नाला गेले नाहीत आणि पुढची सहा वर्षं पोरीशी एक शब्द बोलले नाहीत. नात झाली, तिचं नाव तामार ठेवलं, तरी गेले नाहीत. माणसाला राग येतो हे मी समजू शकतो. या माणसाला राग आलेला नव्हता, नुसता तास चुकल्यासारखं झालं होतं. शांताकाकू मात्र बहिणीकडे जाते म्हणून वर्षातून दोनदा ठाण्याला जाऊन येत. फोन रोज करत. कानानं कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावून बोलत, त्यामुळे त्या गुप्त फोनचा एकूण एक शब्द मला माझ्या अंगणात ऐकू येई.

गेल्या मार्चमधली गोष्ट. वर्षा फोनवर सांगत होती की त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या आवारात लहान मुलांचा एक वर्ग चालतो. तीन ते पाच वर्षांची अकरा मुलं. शिकवणाऱ्या बाई घरच्यांबरोबर इस्राएलला गेल्या आणि आता जूनपासून वर्ग वर्षाकडे येणार आहे. "आई, वर्षभर काय शिकवायचं ते मलाच ठरवायचंय. आधीच्या बाईंच्या डोक्यातच सगळं होतं. लिहिलेलं काहीच नाही गं. एक कागद नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गुरुजी माझ्या दारात, काखेत कोरी वही.

"ओ बाबू, ज्यू लोकं लहान पोट्ट्यायले काय शिकवतात?"

"मले काय माहीत, गुरुजी? मी काय ज्यू हाये?"

"तुमच्यापाशी मोबाइल हाये ना," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. काऊन, कशासाठी, कुणासाठी, काही नाही. मीही विचारलं नाही. मला बघायचं होतं हा माणूस कुठपर्यंत जातो.

तो फार लांब गेला. पुढचे दोन महिने मी मोबाइलवर वाचून दाखवायचं आणि गुरुजींनी रकाने पाडायचे. पहिला अडथळा शब्बाथचा. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत काम करायचं नाही, हे ऐकून ते हादरले. "शनवारची सकाळची शाळाही नाही?" "नाही." "मंग त्या दिवसाचं टाचण?" "त्या दिवशी लिहायचंच नसतं, गुरुजी." मग त्यांनी शुक्रवारच्या पानावर लिहायला सांगितलं : 'घटक : शब्बाथ. उद्दिष्ट : विद्यार्थ्यास आराम करता येतो. कृती : आराम करणे. मूल्यमापन : विद्यार्थी आराम करतो काय?'

लिहायला सांगितलं म्हणजे मला. अक्षर माझं हवं होतं. का ते त्यांनी सांगितलं नाही, पण मी काही दूधखुळा नव्हतो.

नोहाच्या तारवाला चार दिवस लागले. जगबुडी येते आणि नोहा प्रत्येक प्राण्याची जोडी नावेत घेतो, ही गोष्ट. गुरुजींचं म्हणणं, मुलांना ओळखीचे प्राणी द्यावेत. म्हैस घेतली, शेळी घेतली, आपल्याकडच्या डोंगरातलं अस्वलही घेतलं. रोह्यापाशी, म्हणजे नीलगाईपाशी, गाडी अडली.

"रोही चढू द्याचे नाही," गुरुजी म्हणाले. "हरभऱ्याचा सत्यानाश करतात."

"देवानं सगळे घ्यायले सांगतले, गुरुजी."

"माह्यावानी देवाचं शेत हाये का बीबी गावाले?"

शेवटी रोह्यांची जोडी घेतली, पण नावेत मागच्या बाजूला.

वल्हांडणाच्या सणाला खमीर नसलेली भाकर खातात म्हटल्यावर त्यांना फारच आनंद झाला. "म्हणजे आपून बाराही महिने सण पाळून राह्यलो!" साहित्याच्या रकान्यात काटवट, पीठ, पाणी आलं. मग त्यांना कळलं की हिब्रू अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहितात. अडुसष्ट वर्षांच्या या माणसानं पाटी विकत आणली. रोज सकाळी ओट्यावर बसून आलेफ, बेथ गिरवायला लागले. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. एकानं विचारलंही, "काय लिहून राह्यले, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "बालवर्गाची पूर्वतयारी." कुणाची ते सांगितलं नाही.

कहर झाला तो मे महिन्यात. ज्यूंचा एक सण आहे, त्यात आठवडाभर झोपडी बांधून तिच्यात जेवतात. छपरातून चांदण्या दिसल्या पाहिजेत, असा नियम. गुरुजी म्हणाले, आधी स्वतः केल्याशिवाय मी कधी काही लिहिलं नाही. हे धडधडीत खोटं होतं. त्यांनी पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या, आणून गच्चीवर झोपडी उभी केली, माप घेऊन, टेप लावून. भर उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता तिच्यात बसून जेवले आणि मलाही बसवलं. वरणातून वाफ येत होती आणि माझ्या डोक्यातूनही. खालून काकू ओरडल्या, "अहो, जीव द्याचा असंल तर तुमचा द्या, बाबूभाऊले काऊन नेलं?" तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेळ्या जिना चढून आल्या आणि त्यांनी झोपडी मोकळी केली. गुरुजींनी लिहायला सांगितलं : 'दक्षता : शेळ्या.'

जूनच्या पहिल्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी पानं रजिस्टर पोस्टानं ठाण्याला गेली. 'मा. वर्गशिक्षिका यांस,' असं वर आणि 'एक हितचिंतक' असं खाली. पोटच्या पोरीला! मी म्हटलं, "गुरुजी, नाव तरी टाका." ते म्हणाले, "शासकीय पत्रात जिव्हाळा नसते." हे शासकीय पत्र कधी झालं ते मला कळलं नाही.

जून गेला, जुलै गेला. उत्तर नाही. गुरुजी रोज पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर असत आणि तो पुढे गेला की पाटी पुसत बसत. मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं. सहा वर्षं पोरीला जे दिलं ते आता घ्या म्हणावं.

पोळ्यानंतर एका संध्याकाळी काकूंच्या फोनवर वर्षाचा आवाज आला. गुरुजी माझ्या अंगणात उभे होते.

"आई, मला जूनमध्ये अठ्ठ्याऐंशी पानं आली. अक्षर बाबूकाकांचं आहे. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हेच अक्षर आहे."

मी जमिनीकडे पाहिलं.

"आणि 'विद्यार्थी आराम करतो काय' हे जगात एकच माणूस लिहू शकतो." ती हसली. "तीन महिने मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. आम्ही झोपडी बांधतोय, आई. त्यांच्या कागदावरूनच. पण मापं चुकलीत. त्यांना म्हणावं, येऊन बघा."

गुरुजी ताठ झाले. "मापं चुकली? शक्य नाही."

"मंग जा ना पाहाले," काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या. नवरा तिथं उभा आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी नाही येत. मी असली तं ते माह्याच मांगं लपतीन. तुमी न्या."

अशा रीतीनं मी जालन्याहून सकाळच्या गाडीत गुरुजींच्या शेजारी बसलो. त्यांच्या पिशवीत टेप होता. वहीही होती. मनमाड गेल्यावर त्यांना डुलकी लागली तेव्हा मी ती उघडून पाहिली. 'उद्दिष्ट : मापे तपासणे' एवढंच होतं. बाकीचे तिन्ही रकाने कोरे होते. त्या माणसाचा कोरा रकाना मी पहिल्यांदाच पाहिला.

रात्र ठाण्यात लॉजवर काढली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. आम्ही अकराच्या सुमारास प्रार्थनामंदिरात पोचलो. दारात डोकं झाकायला सांगितलं. गुरुजींची पांढरी टोपी होतीच, मी रुमाल बांधला. वर्षा बाहेर आली. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, साहेब आणि मास्तर करतात तसा. मग गुरुजी सरळ अंगणातल्या झोपडीकडे गेले. टेप लावला. उंची घेतली, रुंदी घेतली, पुन्हा उंची घेतली.

"मापं बरोबर हायेत," ते म्हणाले.

"हो," वर्षा म्हणाली. "मला माहीत होतं."

आत मुलं गोल करून बसली होती. शुक्रवारी दुपारी घरी जाण्याआधी ती शब्बाथचं स्वागत करतात. दोन मेणबत्त्या लावल्या. काळ्या मनुकांचं सरबत झालं, कापडाखाली पाव झाकलेला होता. मुलांनी एक गाणं म्हटलं, अर्ध्या जणांनी चुकीचं. ज्यांच्या घरचं कुणी न्यायला आलं होतं ते आईबाप, आजीआजोबा आपापल्या मुलाजवळ गेले आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटायला लागले. त्यांच्यात दर आठवड्याला मुलांना असा आशीर्वाद देतात.

दोन वेण्यांची एक मुलगी एकटीच बसली होती, कारण तिची आई पाव कापत होती. ती मान वर करून गुरुजींकडे बघत होती.

गुरुजी माझ्याजवळ सरकले. "ओ बाबू, काय म्हणतात यावेळी?"

"हे आपण घेतलंच नाही, गुरुजी," मी म्हटलं.

ते तसेच उभे राहिले. मग पुढे गेले, गुडघ्यावर हात टेकत खाली बसले आणि तामारच्या डोक्यावर हात ठेवला. काही म्हणाले नाहीत. ती डोळे मिटून वाट बघत होती. थोड्या वेळानं तिनं एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला.

वर्षा पावाची थाळी घेऊन आली ती त्यांच्यासमोर थांबली. गुरुजी उठत होते. तिनं थाळी खाली ठेवली, उभी राहिली नाही, तशीच वाकून राहिली. त्यांचा हात मधेच थांबला. मला वाटलं, हा माणूस आता हात खिशात घालणार. त्यांनी तो तिच्या केसांवर ठेवला.

मी अगदी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"बरी हायेस ना वं?"

ठाण्यात इतकी वर्षं काढलेली, शुद्ध बोलणारी ती बाई म्हणाली, "हाव."

पाव मिळाला नाही म्हणून मुलांनी गलका सुरू केला होता. दोघांपैकी कुणीच हललं नाही. शेवटी थाळी मी उचलली आणि वाटायला लागलो.