ठकूआजीचा खोकला आणि शहाणे यंत्र

एका जंगलात, मुलांनो, आरोग्य-संशोधक राहत असत. जंगल म्हटले की वाघ-सिंह हवेत, असे तुम्हाला वाटेल. होते की. पण ते या गोष्टीत लुडबूड करत नाहीत. त्यांना संशोधनातले काही कळत नाही आणि ते तसे कबूलही करतात.

या संशोधकांत साळूबाई नावाची एक साळिंदर होती. फार कष्टाळू. तिने कृत्रिम बुद्धीचे एक यंत्र तयार केले. यंत्रापुढे खोकायचे, की छातीत रोग आहे की नाही ते यंत्र सांगायचे. साळूबाईने त्याला तीनशे हरणांचे खोकले ऐकवले होते. हरणांच्या बाबतीत यंत्र खरोखर हुशार होते. बाकी कोणाचा खोकला त्याने जन्मात ऐकला नव्हता.

मग साळूबाईने निबंध लिहिला. निबंध लिहायची या मंडळींची एक रीत असते, ती ऐकून ठेवा. पहिल्या ओळीत जग बदलून टाकायचे आणि शेवटच्या ओळीत हळूच माघार घ्यायची. पहिली ओळ होती, ‘कृत्रिम बुद्धीमुळे रोगनिदानात क्रांती होऊ शकते.’ शेवटची होती, ‘हे निष्कर्ष केवळ हरणांना लागू आहेत.’ मधे बावीस पाने.

‘रानवार्ता’ या वर्तमानपत्राची संपादक होती टिटवी. तिने पहिली ओळ वाचली आणि ती उडाली. दुसऱ्या दिवशी मथळा आला, ‘क्रांती! वैद्य कशाला? नुसते खोका!’ सोबत साळूबाईचा फोटो. काटे छान विंचरलेले.

साळूबाईला राग आला. चांगलाच आला. म्हणून तिने फोटो तेवढा कापून ठेवला आणि बातमीचा मनातल्या मनात निषेध केला.

यंत्रापुढे ही भलीमोठी रांग लागली. ससे आले, रानडुकरे आली, एक अस्वल आले. यंत्राला दोनच वाक्ये येत होती. ‘हे हरीण आजारी आहे’ आणि ‘हे हरीण निरोगी आहे.’ अस्वल दोन दिवस स्वतःवर खूश होते.

रांगेत ठकूआजीही होती. ही म्हातारी वानरीण महिनाभर खोकत होती. अंगावरचे मांस पार उतरले होते. साळूबाई लहान असताना, काटे टोचत असूनही तिला कडेवर घेणारी जंगलात ही एकटीच. आजी खोकली. यंत्र म्हणाले, ‘हे हरीण निरोगी आहे.’

हे कळल्यावर साळूबाई धावत आजीच्या झाडाखाली गेली.

“आजी, यंत्रावर विसंबू नकोस!”

“का गं? पेपरात आलंय की. तुझा फोटोसुद्धा होता. गोड दिसत होतीस.”

“अगं, त्याची अचूकता प्रशिक्षणासाठी वापरलेल्या नमुन्यापुरती मर्यादित आहे. अन्य प्रजातींबाबत निष्कर्षांचं सामान्यीकरण करता येत नाही.”

आजीने जरा विचार केला. “म्हणजे मला काय झालंय?”

“ते सांगण्याइतका पुरावा सध्या उपलब्ध नाही.”

“बघ! तुला सांगता येत नाही. यंत्र बिचारं एका वाक्यात सांगतं,” आजी म्हणाली आणि खोकत खोकत वर चढली.

साळूबाई तडक टिटवीकडे गेली. “दुरुस्ती छापा. ताबडतोब!”

“क्रांती हा शब्द कोणाचा?” टिटवीने विचारले. “मी पदरचं काही घातलं असेल तर दाखवा.”

“पण शेवटची ओळ...”

“साळूबाई, वाचकांना दोनच बातम्या लागतात. तारणहार आला, नाहीतर राक्षस आला. ‘हरणांपुरतं बरं यंत्र आलं’ ही काय बातमी झाली? तुम्ही म्हणाल तर राक्षस करते.”

साळूबाई हात हलवत परतली. तिने संशोधकांची सभा बोलावली. अध्यक्ष होते बगळेराव. एका पायावर उभे राहून विचार करणारे हे थोर गृहस्थ.

“आपण सगळे आत्ता उठू आणि झाडाझाडाखाली जाऊन सांगू,” साळूबाई म्हणाली.

“कोणत्या भाषेत?” बगळेरावांनी विचारले.

“सोप्या.”

सभेच्या अंगावर शहारा आला. सोप्या भाषेत बोललेला संशोधक पुढे कुठे मान वर करून चालला आहे? दोष माध्यमांचा आहे, यावर मात्र लगेच एकमत झाले. एकमत झाल्यावर सगळ्यांना फार बरे वाटले. माध्यमांतील कृत्रिम बुद्धीच्या चित्रणाकडे संशोधक कसे पाहतात, याचा सखोल अभ्यास करावा असा ठराव झाला. काम साळूबाईकडे आले. अहवाल निघाला की सगळ्यांचे डोळे उघडतील, असे तिला मनापासून वाटले. वाईट वाटते सांगायला, पण खरेच वाटले.

प्रश्नावली निघाली. ब्याण्णव टक्के संशोधकांना बातम्या भडक वाटल्या. चार टक्क्यांनी त्या वाचल्या नव्हत्या, तरी भडक वाटल्या. उरलेल्या चार टक्क्यांच्या मते त्यांच्या स्वतःवरच्या बातम्या अगदी समतोल होत्या.

तीन महिन्यांनी अहवाल आला. सुंदर बांधणी. साळूबाई पहिली प्रत घेऊन ठकूआजीच्या झाडाखाली गेली.

फांदीवर आजीची मुलगी चंद्री बसली होती. एकटीच.

“आई गेली. दीड महिना झाला,” ती म्हणाली. “शेवटी रक्त पडायचं. तरी म्हणायची, यंत्राने निरोगी सांगितलंय.”

साळूबाईच्या हातून अहवाल खाली पडला.

“यंत्राला वानराचा खोकला कळत नव्हता गं,” ती रडत म्हणाली. “वैद्याकडे जायला हवं होतं.”



“इतकंच सांगायचं होतं?” चंद्रीने विचारले. “हे तर आईलाही कळलं असतं.”

तात्पर्य : वर्तमानपत्राने चुकीचे छापले, तर संशोधकाने हातावर हात ठेवून बसू नये. त्याने त्या चुकीचा सखोल अभ्यास करावा. घाई करू नये. घाई फक्त रोग्याला असते आणि तीही फार दिवस टिकत नाही.