भरमाची पक्की जागा

मच्छेच्या भरमाने व्यावसायिक बेसबॉलपटू व्हायचे ठरवले, तेव्हा इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसांभोवतीच्या आतल्या मैदानात, चार जागा असतात एवढेच त्याला ठाऊक होते. पाचवीही असते, हे बेळगावच्या संघाच्या करारावर सही केल्यावर कळले. तिचे अधिकृत नाव 'युटिलिटी', म्हणजे जिथे खिंडार पडेल तिथे उभे राहायचे.

भरमाची मागणी एकच होती, चारांपैकी एक जागा कायमची. संघमालक चिंतामणी वकिलांना ती तत्त्वतः मान्य होती. पण भरमा चारही जागा इतक्या उत्तम सांभाळी की त्याला एकीवर बसवणे हा उरलेल्या तिन्हींवर अन्याय ठरला असता. त्यामुळे सामना नसला की तो मैदानावर चुन्याच्या रेघा मारी. वकिलांच्या लेकीच्या लग्नात तो वाढपी होता आणि चौथ्या पानावर जिलेबी त्याने दारातून अचूक टाकली, असे सांगतात.

मग निपाणीशी अंतिम सामना आला, आणि त्यांचा दुसऱ्या बेसचा गडी नेमका मुलगी बघायला गेला. आठ जणांत सामना होईना, पाहुणे तर येऊन बसलेले. प्रशिक्षक नागोजी अण्णांनी शेतीतला तोडगा काढला. पेरणीला शेजाऱ्याला आपण बैल पैऱ्याने, म्हणजे कामापुरता उसना देतो, तसा भरमा द्यायचा. निपाणीची फिल्डिंग असताना तो त्यांचा. मध्ये त्याची बॅटिंग आली तर तेवढी मारून परत जायचे.

"अण्णा, ह्या खेपंला तरी जागा पक्की करा की," भरमा म्हणाला.

"जिंकलो की करू रं. आधी पैऱ्याला जा."

शेवटचा डाव. दोन बाद, जिंकायला दोन धावा, बेसवर आपले दोन गडी आणि बॅट भरमाच्या हाती. त्याने मारलेला चेंडू घरंगळत थेट दुसऱ्या बेसच्या रिकाम्या जागेकडे निघाला. पळत सुटला तर जागा पक्की होती. पण पैऱ्याला गेलेल्याने परक्या रानात अंग चोरायचे नसते. भरमाने वाट वाकडी केली, चेंडू उचलला, स्वतःच्या पोटाला टेकवला आणि पंचांकडे बघितले. चेंडू अंगाला टेकला की धावणारा बाद, म्हणून पंचांनी नाइलाजाने त्याला बाद दिले आणि निपाणी जिंकली.

उत्कृष्ट फिल्डरचा चषक कोणाला, यावर बैठक बसली. निपाणीकर म्हणाले, गडी तुमचा. बेळगावकर म्हणाले, असला गडी आमचा असूच शकत नाही. सीमाभागात दोन्ही बाजूंनी इतक्या खेळीमेळीने हक्क सोडल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. चषक वकिलांनी सांभाळायला घरी नेला.

शेवटी दोन्ही संघांचा फोटो ठरला. भरमा कडेला उभा राहत होता. नागोजी अण्णांनी त्याच्या हातात मोबाइल दिला. "तू तिथं उभारलास तर फोटो काढायचा कुणी रं? तुला सगळं जमतंय."

फोटो झकास आलाय, जरूर बघा. सगळे खेळाडू थेट तुमच्याकडे बघून हसताहेत. तुम्ही उभे आहात ना, तीच भरमाची जागा.