पुळीला जेवण घालू नका

गणपतराव माणसाच्या डोळ्यांत बघून कधी बोलत नसत. ते हनुवटीकडे बघून बोलत. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला वाटलं, चहा सांडलाय की काय. मी गुपचूप हनुवटी पुसली. तेवढ्यात त्यांनी ती दोन बोटांत धरली, बाजारात वांगं फिरवून बघावं तशी उजेडाकडे फिरवली आणि म्हणाले, "अजून स्वच्छ आहे. सांभाळा."

बोईसर-पालघरकडे त्यांची एक गोष्ट अजून सांगतात. परवा एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारच्यानं ती सांगितली आणि लोक पोट धरून हसले. गोष्टीचं शेपूट मीच जोडलेलं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी पान अर्धं टाकून उठलो. म्हणून हात चालतोय तोवर खरं काय ते लिहून टाकतो.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं ते दिवस. सिमेंटनं भरलेल्या रेल्वेच्या वाघिणी बोईसर स्टेशनात लागत आणि पोती आमच्या ठेकेदाराच्या गुदामात येत. गणपतराव गुदाम सांभाळत, मी हजेरी कारकून. ते सांगलीकडचे, मी पालघरचा. दोघांत मिळून एक खोली होती. 'मंडळी गावाकडे असतात,' एवढंच ते बायकोविषयी सांगत.

गुदामात पोतं आपटलं की समोरचा माणूस दिसेनासा होई. म्हणून ठेकेदारानं हमालांना नाकातोंडावर बांधायला मांजरपाटाची फडकी दिली होती. मळणीत बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुसकं. हमालांनी फडक्यालाही तेच नाव ठेवलं. थोड्याच दिवसांत जो तो गाल खाजवू लागला. मुसक्याखाली घाम, घामात सिमेंट, वरून खळीचं खरखरीत कापड. नाकाच्या कडांना, गालांवर, हनुवटीवर पुळ्याच पुळ्या. आमच्या किनाऱ्याकडच्या माणसाला औषध एकच ठाऊक, खोबरेल. डोकं दुखलं, तेल. पाय मुरगळला, तेल. तेव्हा रोज सकाळी चेहरा तेलानं चोपडायचा आणि वर मुसकं बांधायचं. आधी निदान झटकून जाणारं सिमेंट आता मुक्कामाला राहू लागलं. शेवटी मुसकी गळ्यात लोंबायला लागली. काहींनी त्यात भाकरी बांधून आणायला सुरुवात केली, आणि धूळ सरळ छातीत जाऊ लागली.

गणपतरावांना हे बघवेना. त्यांचा सिद्धांत साधा होता. "पुळी ही आगंतुक पाहुणी. हाकलू नका, जेवण घालू नका. उपाशी राहिली की आपली आपण जाते. तेल हा तिचा नाश्ता, घाम हे जेवण, आणि नख म्हणजे वर पानसुपारी."

दुपारच्या सुट्टीत ते पाण्याच्या रांजणाजवळ उभे राहत. तोंड साध्या पाण्यानं धुवायचं. पंच्यानं टिपायचं, घासायचं नाही. चिंचेखाली उघड्या तोंडानं बसायचं आणि जेवण झाल्यावर दुसरं, कोरडं मुसकं बांधायचं. सकाळचं ओलं मुसकं रिठ्याच्या पाण्यात. हळद, राख, चंदन, सगळे लेप बंद. कुणी पुळी फोडली की ते त्या माणसाशी दिवसभर बोलत नसत. ही शिक्षा आहे, हे त्या माणसाला बहुधा कळतच नसे.

पण कापडाचं काय करायचं? मांजरपाट कितीही धुतला तरी गाल सोलत होता. गणपतरावांच्या मते जगात एकच कापड गालाला लावण्याच्या लायकीचं होतं, बाईनं वर्षानुवर्षं नेसून विटलेलं सुती लुगडं. ते मिळवायला हा मिशाळ, धिप्पाड माणूस बोईसरात दारोदार फिरू लागला. "बाई, जुनं लुगडं आहे का? नवं नको. अंगावर जितकं झिजलेलं तितकं बरं." एका बाईनं केरसुणी उगारली, तर तिच्या हनुवटीकडे बघून ते म्हणाले, "तुम्ही पण तेल कमी करा."

घरमालक मला विचारायला आला की हा तुमचा सोबती लुगड्यांचं करतो काय. मी तरुण होतो, तोंडाला कुलूप नव्हतं. मी म्हटलं, "रोज संध्याकाळी नेसून बसतात." तो हसला, मी हसलो, आणि गोष्ट माझ्याआधी पालघरला पोचली. हेच ते शेपूट.

लुगडी मिळाली, मऊ मुसकी शिवून झाली. आता ती वाळवायची कुठे? गुदामाजवळ दोरी बांधली तर वाळेपर्यंत सिमेंटनं पांढरी. चिंचणीचा एक हमाल म्हणाला, आमच्याकडे बोंबील वाळवतात तिथं वारा बघा, अर्ध्या दिवसात कडक. गणपतरावांनी आनंदानं गाठोडं पाठवलं. दुसऱ्या दिवशी घाटावरचे दोन माळकरी हमाल मुसकं बांधताच बाहेर पळाले. चिंचणीकर मात्र खूश. एक जण म्हणाला, "याच्यात दम घेतला का जेवल्यासारखा वाटतंय." त्या दिवसापासून माळकऱ्यांची मुसकी स्टेशनमागच्या कुंपणावर वाळू लागली.

पुळ्या मात्र खरंच ओसरल्या. एका जान्याच्या सोडून.

जान्या मासवणचा, सगळ्यांत उमदा हमाल. त्याचं लग्न ठरलेलं होतं. त्याची कातडीच अशी नाजूक की मऊ लुगड्याखालीही चेहरा पेटायचा. एक दिवस होणारा सासरा बाजाराला आला तो गुदामात डोकावला, आणि जावयाचं तोंड बघून दारातच थबकला. "याला देवी आल्या का काय? होळीनंतर येन परत. तोंड आसाच आसल तर आमी पोर नाय देनार."

संध्याकाळी जान्या आमच्या खोलीवर आला आणि उंबऱ्यातच बसला. हातातलं मुसकं त्यानं गणपतरावांच्या पायाशी ठेवलं.

"काका, मना नको आता ह्या. धूळ खाईन, पन लगीन मोडाचा नाय."

गणपतराव काहीतरी ठसक्यात बोलतील म्हणून मी हसायच्या तयारीत होतो. ते जान्याकडे बघत राहिले. हनुवटीकडे नाही, डोळ्यांत. मग उठून त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. तिच्यात तळाशी एक लुगडं होतं, हिरवं असावं, आता पाण्यासारखं झालेलं. दारोदार हिंडताना हे त्यांनी कधी बाहेर काढलं नव्हतं. कात्रीनं त्यांनी त्याचा एक पट्टा कापला.

"हे लाव. दर दोन तासांनी बदलायचं, मी देईन. पण सोडायचं नाही."

जान्या गेल्यावर मी विचारलं, लुगडं कुणाचं. ते उरलेल्या कापडाची घडी घालत होते.

"मंडळींचं. तंबाखूच्या वखारीत कामाला होती. नाकावर पदर बांधायची, त्यानं तोंडावर पुळ्या उठल्या. मी एकदा गमतीनं म्हटलं, तोंडाचं सीताफळ झालंय तुझ्या. वखारीतल्या बायकासुद्धा हसल्या." त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली. "दुसऱ्या दिवसापासून तिनं पदर बांधला नाही. तोंड छान झालं. मग खोकला लागला."

मंडळी गावाकडे नव्हत्याच. कुठेच नव्हत्या. लुगडं नेसण्यावरून मी गणपतरावांची केलेली गंमत मला तेव्हा आठवली. ती परत घ्यावी कुठून, हे मात्र कळेना.

होळी झाल्यावर सासरा आला. गणपतरावांनी जान्याला चिंचेखाली उघड्या तोंडानं उभं केलं. म्हाताऱ्यानं त्याची हनुवटी धरून या बाजूला, त्या बाजूला फिरवली. गणपतराव शेजारी उभे होते, स्वतःचाच निकाल लागत असल्यासारखे. म्हातारा शेवटी म्हणाला, "पोरगा तं गोरा हाय रं." लग्नाला आम्ही दोघं मासवणला गेलो. तिथं गणपतरावांनी वऱ्हाडातल्या निम्म्या हनुवट्या तपासल्या.

उरलेलं लुगडं ट्रंकेत परत गेलं नाही. जान्याला लागेल तसं ते त्यातून कापत राहिले. पण ही मुसकी चिंचणीला कधी गेली नाहीत. ती ते स्वतः धुऊन आमच्या खोलीच्या खिडकीत वाळत घालत, आणि खाडीकडून वारा आला की जरा वेळ तिथेच उभे राहत.