चिमणी फक्त हौसाशी बोलायची

तळ्याच्या वाडीतल्या म्हशी बोलतात, पण एक म्हैस एकाच माणसाशी बोलते आणि दोघांतलं तिसऱ्याच्या कानावर घालत नाही. वाडीत याचं कुणाला नवल नाही. नवी सून घरात आली की तिला देव दाखवतात, चूल दाखवतात आणि मग गोठ्यात नेऊन उभी करतात. बाकीच्यांनी जरा बाजूला व्हायचं, म्हणजे म्हशीला तिच्याकडं नीट बघून घेता येतं. कुणाशी बोलायचं ते म्हैस ठरवते. पाटलाची म्हैस पाटलाशी बोलत नाही, त्याच्या गड्याशी बोलते. पाटलानं ते मनावर घेतलेलं नाही, आणि घेऊन तरी करणार काय.

केरबाच्या घरची म्हैस हौसाशी बोलायची. हौसा म्हणजे केरबाची बायको. म्हशीचं नाव चिमणी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, तिची आई विताना गेली, आणि हौसानं तिला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजलं. पुढं चिमणी गोठ्याच्या दारात मावेना अशी झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

सकाळी आणि दिवस कलताना हौसा धारेला बसायची. चिमणीच्या पोटाला कपाळ टेकायची, हातातल्या बांगड्या वाजायला लागायच्या, चरवीत धार पडायची आणि दोघींचं सुरू व्हायचं. केरबा सोप्यात बसून चहाची वाट बघायचा. शब्द त्याला कळायचे नाहीत, नुसती गुणगुण यायची, लांबच्या शेतात कुणी भलरी म्हणावी तशी. एवढं काय बोलता गं दोघी, असं त्यानं एकदा विचारलं होतं. हौसा म्हणाली होती, "तुमी जे इचारत न्हाईसा ते." केरबा हसला होता आणि विषय तिथंच राहिला होता.

केरबा काही वाईट माणूस नव्हता. पिणं नाही, हात उचलणं नाही. बोलणंही नाही. जेवताना त्याची नजर ताटात असायची. आमटीत मीठ कमी पडलं तर बोलून दाखवायचा नाही, स्वतः उठून घ्यायचा. यालाच तो समजूतदारपणा म्हणायचा.

एके दिवशी सकाळी गुणगुण चालू होती ती मध्येच थांबली. केरबानं सोप्यातूनच हाक मारली, चहा टाकलास काय. पुन्हा एकदा मारली. मग पायात वहाणा सरकवून गोठ्यात गेला. हौसा तशीच बसलेली होती, कपाळ चिमणीच्या पोटाला टेकलेलं, चरवी गुडघ्यात. चिमणी चारी पायांवर दगडासारखी उभी होती. माश्या डोळ्यांवर बसल्या होत्या, पण तिनं मान हलवली नाही की शेपूट उडवलं नाही, कारण ती हलली असती तर हौसा पडली असती. केरबानं हौसाला उचललं तेव्हाच चिमणीनं पाय बदलला.

सवाष्ण गेली, सोनं झालं, असं लोक म्हणाले. केरबाच्या डोळ्याला पाणी आलं नाही, हेही लोकांनी बघितलं. भेटायला येणारं माणूस सोप्यात बसायचं, पाणी प्यायचं आणि जे विचारायची रीत आहे ते विचारायचं, की शेवटाला काय बोलली. रीतच आहे ती. कुणी म्हणतं पाणी मागितलं, कुणी म्हणतं नातवाचं नाव घेतलं, आणि ऐकणाऱ्याच्या जिवाला बरं वाटतं. केरबा म्हणायचा, मी नव्हतो तिथं. मग येणारं माणूस गोठ्याकडं बघायचं आणि म्हणायचं, चिमणी हुती की.

दहाव्याला लेक वैजंता निपाणीहून आली होती. तिनंही तेच विचारलं. केरबानं तेच सांगितलं. ती म्हणाली, "आबा, आईचा शेवटचा शबुद म्हशीपाशी ठिऊन तुमी सोप्यात कसं बसता?"

ते केरबाला लागलं. तो उठून गोठ्यात गेला आणि त्यानं चिमणीला विचारलं. जन्मात पहिल्यांदा विचारलं. चिमणीनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. हौसा गेल्यापासून तिनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं, आंबोण तसंच आंबून जात होतं. कासेला हात लावू देत नव्हती, आणि लावू दिला तरी पान्हा नाही.

जनावरांचे डॉक्टर मगदूम आले. त्यांनी पोट बघितलं, डोळे बघितले, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून ते म्हणाले की रोग काही नाही. आता मोठमोठ्या ठिकाणी अभ्यास झालाय. गाईम्हशींना मैत्रिणी असतात, मैत्रीण जवळ नसली की काळजाचे ठोके वाढतात. माणसाचा चेहरा त्या ओळखतात आणि मनात धरून ठेवतात. केरबानं विचारलं, आणि बोलतात त्याचं काय. डॉक्टर म्हणाले, "ते अजून पुस्तकात आलेलं नाही. तुमच्या वाडीपुरतं आहे ते." औषध म्हणून त्यांनी काही लिहून दिलं नाही.

उपाय शेजारच्या शेवंतानं सांगितला. ती हौसाला अक्का म्हणायची आणि केरबाला दाजी. माणूस बदललं की धार काढणाऱ्यानं जुन्या माणसाचं लुगडं नेसून बसायचं, ही तिच्या माहेरची चाल होती, आणि माहेर तर म्हशी बोलत नाहीत असल्या गावचं. तिथं लागू पडतं तर इथं का पडू नये, असा तिचा हिशोब.

तिनंच हौसाचं हिरवं लुगडं केरबाच्या धोतरावरून नेसवलं. मिशी पदरात झाकली. पण बांगड्यांशिवाय काही खरं नव्हतं, कारण चिमणीला त्या आवाजाची सवय. कासाराला बोलावलं. पुरुषाला बांगड्या भर म्हणणं ही शिवी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण हे गोठ्याचं काम होतं. कासारानं केरबाचा पंजा दाबून बघितला, पेटीतलं सगळ्यात मोठं माप काढलं आणि भरताना बायकांना सांगतो तसंच सांगितलं, हात सैल सोड बाई.

केरबा चरवी घेऊन गोठ्यात गेला. बसला. चिमणीच्या पोटाला कपाळ टेकलं. तिनं मान वळवून त्याला हुंगलं, पदर हुंगला, बांगड्या हुंगल्या. मग सरळ समोर बघत म्हणाली, "उशीर केलास."

केरबानं बांगड्या मागं सारून कासेला हात घातला. चिमणी म्हणाली, "गुडघा दुखतोय काय?"

"दुखतोय," केरबा म्हणाला. हौसाचा गुडघा दुखायचा हे त्याला त्या वेळेला कळलं.

चिमणीला पान्हा आला. चरवी भरली. दूध डेअरीत गेलं तेव्हा चेअरमननी विचारलं, धार कोण काढतंय. शेवंता म्हणाली, हौसाक्का. चेअरमन म्हणाले, मग आपल्याकडं काही बदल नाही. तेव्हापासून असं ठरूनच गेलं की लुगडं अंगावर असेपर्यंत ती हौसा, आणि लुगडं दोरीवर पडलं की तो केरबा. शेवंता भिंतीवरून हौसाक्का म्हणून हाक मारायची, आणि थोड्या वेळानं दाजी म्हणून भाकरीशी खायला कोरड्यास द्यायची. तिची कधी चूक झाली नाही.

रोज दोन्ही वेळेला बोलणं व्हायचं. चिमणी विचारायची आणि केरबा सांगायचा, म्हणजे खरं तर त्यालाच कळत जायचं. हौसा भावाच्या घरी जायची थांबली होती ती का, हे कळलं. तिला तळ्याच्या पलीकडची करवंदं आवडायची, आणि ती आणायला कुणी नव्हतं. बेंदराच्या सणाला ती मागच्या दारी बसून एकटीच गाणी म्हणायची. केरबाचं नाव चिमणी घ्यायची नाही. नुसतं 'तो' म्हणायची.

"तो उठला काय?"

"उठलाय."

"जेवताना बोलतो काय आता?"

"न्हाई."

"बोलंल," चिमणी म्हणायची आणि रवंथ करायला लागायची.

मग एकदा केरबानं धीर केला. बांगड्या हळू वाजवत, बोलता बोलता निघाल्यासारखं विचारलं की त्या दिवशी सकाळी शेवटाला मी काय म्हणाले गं. चिमणीनं कान मागं केले. "तूच म्हणालीस, आणि मलाच इचारतीस?" एवढंच बोलली आणि त्या दिवशी दूध कमी दिलं.

केरबानं लुगडं सोडलं, धोतरावर उभा राहिला आणि केरबा म्हणून विचारलं. चिमणीनं पाठ केली. शेवंताला पाठवून बघितलं, तिला तर चिमणीनं शेपटाचा फटकारा दिला. शेवटी त्यानं तालुक्याला जाऊन डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचार केला. म्हणाले, "हे बघा केरबा, तुम्ही नवरा म्हणून गेलात तर ती सांगणार नाही, म्हशीची जात तशी नाही. आणि हौसाबाई म्हणून गेलात तर सांगायचं कारण नाही. तिसरं कुणी होता येत असेल तर बघा."

केरबानं विचारलं, चेहरा ओळखतात म्हणालात, मग मिशी पदरात झाकून मी बसतो, तर ती मला हौसा समजते कशी. डॉक्टर म्हणाले, पदरानं म्हैस फसेल असं माझ्या वाचनात नाही. ती तुम्हाला पहिल्या दिवसापासून ओळखत असणार. मग बोलते का, असं केरबानं विचारलं. ते तिला विचारावं लागेल, डॉक्टर म्हणाले, आणि ती सांगणार नाही.

केरबा घरी आला. आल्यावर लुगडं नेसला, कारण धारेची वेळ झाली होती.

दिवाळी झाल्यावर वैजंता आबांना कायमचं निपाणीला न्यायचं म्हणून आली. म्हशीला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. ती सकाळीच पोचली. अंगणात आली तेव्हा गोठ्यातून हिरवं लुगडं बाहेर पडत होतं, हातात चरवी, पदर कपाळापर्यंत. वैजंताच्या तोंडून "आये" असं निघून गेलं. लुगडं जाग्यावर थबकलं. मग त्यातून केरबा म्हणाला, "च्या टाकतो, बस." तिनं चहा घेतला. दुपारी केरबानं जेवताना ताटातून मान वर केली आणि तिला विचारलं, तुझा गुडघा दुखतो काय गं. तुझ्या आईचा दुखायचा. वैजंतानं त्याच्या ताटात आणखी भाकरी वाढली. गिऱ्हाइकाचा विषय तिनं काढला नाही. जाताना गोठ्यापाशी थांबली, चिमणीच्या कपाळावरून हात फिरवला आणि एकटीच एस.टी.ला गेली.

त्यानंतरचीच गोष्ट. थंडी पडली होती, चिमणीच्या अंगातून वाफा निघत होत्या. केरबा धारेला बसला होता, कपाळ पोटाला टेकलेलं. वैजंताचं, करवंदांचं असं काहीबाही बोलून झालं होतं. मग चिमणी म्हणाली, "सांगितलंस काय त्याला?"

केरबाचे हात थांबले. बांगड्या थांबल्या.

"त्या दिशी मला म्हणालीस ते," चिमणी म्हणाली. "धार झाली की त्याला जाऊन सांगते म्हणालीस. सांगितलंस काय?"

'काय?' असं केरबाच्या अगदी ओठावर आलं. पण हौसा 'काय?' असं विचारणार नव्हती. हौसाला माहीत होतं. सोप्यात बसलेल्या माणसाला सांगण्यासारखं तिच्यापाशी काहीतरी होतं, धार झाली की ती उठून ते सांगायला येणार होती, आणि तो तिकडून चहा मागत होता. एवढं केरबाला कळलं. याच्या पुढचं कधीच कळणार नाही, हेही तिथंच कळलं.

"सांगितलं," तो म्हणाला.

चिमणी रवंथ करायची थांबली. "मग? काय म्हणाला?"

केरबानं कपाळ उचललं नाही. आत कुठंतरी चिमणीचं काळीज संथ वाजत होतं, ते त्याला ऐकू येत होतं.

"म्हणाला काय न्हाई," तो म्हणाला. "रडला."

"रडला?"

"व्हय."

"बरं झालं," चिमणी म्हणाली. तिनं एक लांब श्वास सोडला आणि राहिलेला पान्हा सोडला.

केरबानं धार पुरी केली. चरवी घरात नेऊन झाकली. चूल पेटवून चहा टाकला, कपात ओतला आणि सोप्यात केरबाच्या रोजच्या जागी नेऊन ठेवला. मग आत येऊन लुगडं सोडलं, घडी घालून दोरीवर टाकलं, बांगड्या एकेक करून काढल्या आणि धोतर झटकून सोप्यात जाऊन बसला.

हौसा चिमणीशी कधी खोटं बोललेली नव्हती. तेव्हा तो रडला.

आवाज भिंतीपलीकडं गेला. शेवंता कपडे पिळता पिळता थांबली आणि तिनं विचारलं, "हौसाक्का, कोण रडतंय गं?"

"मी हाय," सोप्यातून आवाज आला. "केरबा."

"बरं दाजी," शेवंता म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली.