जसं सापडलं तसं गेट

गुरुवारी सकाळी व्हर्ननची गवत कापायची गाडी बंद पडली. रविवारी मुलगी यायची होती.

घराभोवतीच्या जागेत गुडघाभर गवत वाढलं होतं. उन्हाळ्याआधी ते कापलं नाही तर आगीचा धोका, अशी नगरपालिकेची नोटीस फ्रिजवर लावलेली होती. जनीनने फोनवर सांगून टाकलं होतं, "बाबा, रविवारी गवत तसंच दिसलं तर घर विकायचं आणि माझ्याजवळ शहरात फ्लॅटवर यायचं. वाद नको."

शेजारची ग्लेनिस म्हणाली, "रडतोस काय? माझ्या सहा मेंढ्या घेऊन जा."

मेंढ्यांनी तीन दिवस इमानदारीने गवत खाल्लं. शनिवारी संध्याकाळी सगळी जागा गालिच्यासारखी दिसत होती. व्हर्नन खूश होऊन झोपला आणि रविवारी सकाळी जनीनला आवडणारा केक आणायला बेकरीत गेला.

परत आला तर घराजवळच्या बागेत सहा मेंढ्या उभ्या होत्या आणि गुलाब नव्हते. त्याच्या बायकोचे, बेरिलचे गुलाब! तीसच्या तीस झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. सातवी मेंढी असल्यासारखी ग्लेनिस व्हरांड्यात बसून चहा पीत होती आणि तिच्या शेजारी जनीन.

"बागेचं गेट कुणी उघडं टाकलं?" व्हर्नन ओरडला.

"मी नाही बाई," ग्लेनिस म्हणाली. "मी मेंढ्यांना पाणी द्यायला आले, तेव्हा त्या आत होत्या, गेट उघडं होतं. वाटलं, तूच सोडल्यास. म्हणून तसंच ठेवलं."

"आणि तू गं?"

"मीसुद्धा उघडंच पाहिलं," जनीन म्हणाली. "गेट जसं सापडेल तसं ठेवायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना? लहानपणी एकदा लावलं होतं, तर केवढे ओरडला होतात!"

या गावात चोर एक वेळ माफ होईल, पण दुसऱ्याचं गेट उघडझाप करणारा नाही. व्हर्नन गेटकडे गेला. खालच्या बाजूला जुनं गवत गुंडाळलेलं होतं, बिजागऱ्या गंजल्या होत्या.

"मलाही उघडंच सापडलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"दोन वर्षांपूर्वी. बेरिल कात्री घेऊन गुलाबांकडे गेली होती ना, त्या दिवशी. तिथूनच तिला दवाखान्यात नेलं, ती परत आलीच नाही."

एका मेंढीने शेवटचं पान ओढलं.

"म्हणजे बेरिलनेच आत घेतलं म्हण की त्यांना!" ग्लेनिस म्हणाली. "बरंच झालं. दोन वर्षं त्या झाडांना तू कात्री लावली नाहीस. रान माजलं होतं नुसतं."

पहिल्यांदा जनीन हसली, मग व्हर्ननही. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि ग्लेनिसने केक कापायला घेतला.

संध्याकाळी जनीन निघाली. फ्लॅटचे कागद तिच्या पिशवीतच राहिले होते.

"गवताचं काय ठरलं?" व्हर्ननने घाबरत विचारलं.

"गवत कुठंय? आणि मी इथे आल्यापासून ही ग्लेनिसमावशी तुम्हाला पाच मिनिटं एकटं सोडायला तयार नाही." तिने गाडी सुरू केली. "तुम्हालाही जसे सापडलात तसेच ठेवून जातेय, बाबा."

तीन आठवड्यांनी काड्यांना लालसर फुटवा आला. व्हर्ननने बिजागऱ्यांना तेल घातलं, खालचं गवत उपटलं आणि गेट लावलं.

"अरे, गेट कुणी लावलं?" कुंपणापलीकडून ग्लेनिस ओरडली.

"मी लावलं," व्हर्नन म्हणाला. "आता असंच ठेवायचं."

सहाही मेंढ्या गेटाबाहेर उभ्या राहून त्याच्याकडे रागाने बघत होत्या.