गल्लीच्या तोंडाशी गादी

सकाळी बरोबर साडेआठला इस्माईलचाचा आमच्या शेजारच्या गल्लीच्या तोंडाशी आडवी गादी पसरतात. झोपायला नव्हे. जुन्नरात गाद्या भरून द्यायच्या, हाच त्यांचा धंदा. पण घरचा ओटा मोकळा असताना ऐन वर्दळीत रस्ता का अडवता, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "कापसाला दम खाऊ द्या, पावणं."

"चाचा, नारायणगावला कामावर जायचंय."

"मग मोठा रस्ता काय मी गुंडाळून ठेवलाय व्हय?"

ही वर्दळ आणली कोणी, हे मी अजून कुठं कबूल केलेलं नाही. चौकात गाड्या तुंबतात, पण या गल्लीतून निघालं की पाच मिनिटं वाचतात, हा शोध मी ऑफिसात मोठ्या ऐटीत सांगितला होता. आधी ऑफिसातले आले, मग त्यांचे मेव्हणे, मग कुठकुठले टेम्पो लोकांच्या उंबऱ्याला घासून जाऊ लागले.

गादीवर मात्र कुणी चाक घालत नाही. "कुणाच्या तरी लेकीच्या लग्नातली हाय," चाचा एवढंच म्हणतात, की माणूस मुकाट गाडी मागे घेतो.

एकदा मला उशीर झाला होता. गादी आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीतून मी स्कूटर घातली. चाक कापसात रुतलं आणि मी गादीवर पालथा.

"निजा. चांगला कापूस हाय," चाचा म्हणाले.

मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला. चाचा गादीपलीकडूनच काठी आपटत त्याच्यावर असे तुटून पडले, की आजूबाजूच्या सगळ्या माना तिकडंच वळल्या. माझी तेवढी दुसऱ्या बाजूला होती. चाचांच्या पायांमधून मला रिकामी गल्ली दिसली, आणि भिंतीला हात लावून उजवा पाय ओढत चाललेल्या चाची. लकवा झाल्यापासून त्यांना घराबाहेर कुणी पाहिलं नव्हतं.

"तिकडं बघू नका, भाऊ." चाचांचा आवाज एकदम उतरला. "कुणी बघतंय असं वाटलं की ती खालीच बसती. शेवटचं दार तिच्या बहिणीचं हाय, तिथवर एकटीनं जायचं म्हणती. मलाबी वळायची बंदी हाय. म्हणून भांडतो. समदी माझ्याकडं बघत्यात."

त्या शॉर्टकटाचं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण तोंडात कापूस गेला होता, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं.

चाचा टेम्पोकडं तोंड करून उभे.

"तुमी पडलाय, तिला दिसणार न्हाई," ते पुटपुटले. "कुठवर गेली?"

"पाण्याच्या पिंपापुढं."

"अन् आता?"

"थांबल्यात."

चाचांनी काठी दोन्ही हातांनी धरली. पण वळले नाहीत. टेम्पोवाल्यालाही काय कळलं कोण जाणे, त्यानं इंजिन बंद केलं.

दाराची कडी वाजली.

"पोचल्या," मी म्हणालो, आणि उठायला लागलो.

चाचांनी खांद्यावर हात ठेवून मला परत खाली दाबलं. "पडून ऱ्हावा, भाऊ. अजून माघारी यायचीय ती."